आईचा पंप, भावाचं पेप्टाइड

सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचं लांबलचक पत्र आलंय. थोडक्यात ते असं: आई ६७ वर्षांची, गावाकडच्या घरी राहते. चाळीस वर्षं चुलीपुढे काढली. चार वर्षांपूर्वी सीओपीडीचं (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचं) निदान झालं, तेव्हापासून दिवसातून दोनदा कॅप्सूलचा पंप घेते आणि त्यात स्टेरॉईड आहे. गेल्या दीड वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला, दुसऱ्या वेळी सहा दिवस ॲडमिट होती. बंगळुरूला असलेला धाकटा भाऊ तेव्हापासून बरंच वाचतो आहे. त्याचं म्हणणं असं, की जंतू मारणारी पेप्टाइडं (प्रथिनांचे छोटे तुकडे) फुफ्फुसात निसर्गतःच असतात आणि पंपातलं स्टेरॉईड नेमकी तीच कमी करतं. म्हणून पंप बंद करायचा, व्हिटॅमिन डी भरपूर द्यायचं आणि एलएल-३७ नावाचं पेप्टाइड ऑनलाइन मागवून टोचायचं. डीची ६०,००० युनिटची पाकिटं त्याने पाठवून दिली आहेत. आई गेले पाच आठवडे ती दिवसाआड घेते. छातीचे डॉक्टर म्हणतात पंप सोडू नका. ताईंचा प्रश्न: कोणाचं ऐकू? भावाचं नाही ऐकलं आणि उद्या काही झालं, तर तो आयुष्यभर मला बोलेल. ता. क. मध्ये त्यांनी लिहिलंय, की आईचं पोट हल्ली साफ होत नाही, तहान फार लागते, रात्री तीन-चारदा लघवीला उठते, ‘वयामुळे असेल’.

ताई,

तुमच्या पत्राचा ता. क. आधी घेते, कारण पत्रातली सगळ्यात घाईची गोष्ट तिथेच आहे.

ती पाकिटं आजच बंद करा. ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्याला एक, असं साधारण आठ आठवडे देतात, म्हणजे एकूण आठ. तुमच्या आईने पाच आठवड्यांत सतरा-अठरा घेतली, म्हणजे दहा लाख युनिटच्या वर. डी जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि मग बद्धकोष्ठ, तहान, वारंवार लघवी, मळमळ, गळाठा, कधी बोलण्यात गोंधळ अशी लक्षणं दिसतात. पुढे मूत्रपिंडावर ताण येतो. तुमच्या ता. क. मध्ये यातली तीन आहेत. वयामुळे असेलही, किंवा न्यूमोनियाच्या वेळी दिलेल्या स्टेरॉईडच्या गोळ्यांनी साखर वाढली असेल. पण अंदाजावर बसू नका. उद्या सकाळी कॅल्शियम, क्रिएटिनिन, साखर आणि व्हिटॅमिन डी एवढ्या तपासण्या करून घ्या, तालुक्याच्या लॅबमध्ये होतात. रिपोर्ट त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आई कॅल्शियमची गोळी घेत असेल किंवा बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल, तर तेही सांगा, कारण त्यातल्या काहींनी कॅल्शियम आणखी चढतं. उलट्या होत असतील, आई झोपाळू झाली असेल किंवा काहीबाही बोलत असेल, तर सकाळची वाट न बघता थेट दवाखाना गाठा. एक लक्षात ठेवा: डी चरबीत साठतं. पाकीट थांबवलं की आठवडाभरात सगळं उतरतं असं नाही, कॅल्शियम पुन्हा तपासावं लागेल.

हे झालं की बाकीचं पत्र.

तुमचा भाऊ अडाणी नाही. त्याने जे वाचलंय त्यातलं बरंचसं खरं आहे, आणि म्हणूनच ‘नेटवरचं काहीही वाचतोस’ असं म्हणून त्याला उडवून लावू नका. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर पाण्याचा एक थर असतो, केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पातळ. त्यात जंतूंना मारणारी बरीच रसायनं सतत पाझरत असतात. त्यातलं लायसोझाइम सर्वांत आधी सापडलं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना ते सर्दीच्या शेंबडात मिळालं आणि १९२२ मध्ये त्यांनी ते जगापुढे ठेवलं, पेनिसिलिनच्या कितीतरी आधी. त्याच थरात डिफेन्सिन नावाची छोटी पेप्टाइडं असतात, आणि कॅथेलिसिडिनही. माणसात कॅथेलिसिडिन एकाच प्रकारचं आहे. त्याचा कापून मोकळा झालेला, कामाचा तुकडा म्हणजे एलएल-३७. त्यात ३७ अमिनो आम्लं असतात आणि पहिली दोन ल्युसिनची, म्हणून हे नाव. त्यावर धन भार असतो. जंतूंच्या आवरणावर ऋण भार असतो. त्यामुळे ते जंतूला जाऊन चिकटतं आणि आवरणाला भोकं पाडतं. आपल्या पेशींच्या बाहेरच्या बाजूला तसा भार फारसा नसतो, म्हणून त्या बऱ्यापैकी सुटतात. ‘बऱ्यापैकी’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. पेप्टाइडचं प्रमाण वाढलं की आपल्या पेशीही सुटत नाहीत.

स्टेरॉईडचं भावाने वाचलं तेही खरंच आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सीओपीडीचे रुग्ण आणि उंदीर दोन्हींत दिसलं, की ओढून घ्यायच्या स्टेरॉईडने कॅथेलिसिडिन घटतं. प्रथिनं कापणारं एक विकर (एन्झाइम) वाढतं आणि ते कॅथेलिसिडिनचे तुकडे पाडतं. फुफ्फुसातले जंतू मग वाढतात. उंदरांना कॅथेलिसिडिन बाहेरून दिल्यावर जंतू पुन्हा आटोक्यात आले. सीओपीडीत स्टेरॉईडच्या पंपाने न्यूमोनियाचा धोका थोडा वाढतो, हे तर छातीच्या डॉक्टरांना त्याच्याही दहा-बारा वर्षं आधी मोठ्या चाचण्यांतून कळलं होतं.

इथवर भाऊ बरोबर. चुकतोय तो यापुढे, आणि ही चूक त्याच्या एकट्याची नाही. कोविडपासून अख्खा महाराष्ट्र ‘इम्युनिटी वाढवतोय’. आपण प्रतिकारशक्तीला पाण्याची टाकी समजतो: पातळी खाली गेली की वरून ओतायचं. तुमच्या आईच्या फुफ्फुसात काय चाललंय ते जरा जवळून बघू. सकाळी ती जो पिवळसर बेडका काढते, तो न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींनी भरलेला असतो. त्या पेशींच्या पोटात डिफेन्सिन ठासून भरलेलं असतं. म्हणजे तिथे जंतुनाशकांचा दुष्काळ नाही, उलट बाजार भरलाय. डिफेन्सिन जास्त झालं की श्वासनलिकेच्या पेशी घाबऱ्या होऊन आणखी न्यूट्रोफिल बोलवा असा रासायनिक निरोप धाडतात. नवे न्यूट्रोफिल येतात आणि येताना इलास्टेज नावाचं विकर आणतात. ते जंतूंपेक्षा फुफ्फुसातल्या लवचीक धाग्यांनाच जास्त खातं. वायुकोशांच्या भिंती विरतात आणि धाप वाढते. या गर्दीत असलेलं कॅथेलिसिडिनही दाट कफात अडकून पडतं किंवा कापलं जातं, त्यामुळे मोजलं तर भरपूर दिसतं पण काम करत नाही. एलएल-३७ स्वतःही नुसतं जंतू मारून थांबत नाही. ते पांढऱ्या पेशींना बोलावतं, आणि काही ठिकाणी जंतूंचं विष झाकून सूज कमीही करतं. कुठे, किती आणि कोणाच्या शेजारी आहे त्यावर ते कसं वागेल हे ठरतं. रोझेशिया नावाच्या त्वचारोगात चेहरा लाल होतो, सुजतो, आणि तिथे हेच कॅथेलिसिडिन जास्त सापडतं.

आता ते टोचून घ्यायचं इंजेक्शन. फुफ्फुसासाठी एलएल-३७ चं मान्यता मिळालेलं औषध कुठेही नाही. ऑनलाइन मिळतात त्या कुप्यांवर बहुधा ‘फक्त संशोधनासाठी’ असं लिहिलेलं असतं. भावाला ते लेबल तुमच्यासमोर मोठ्याने वाचायला लावा. कुपीत खरंच काय आहे, किती आहे, निर्जंतुक आहे का, हे तपासायला मध्ये कोणी बसलेलं नसतं. आणि कातडीखाली टोचलेलं पेप्टाइड श्वासनलिकेच्या त्या पातळ थरात कामाच्या प्रमाणात पोचेल असं धरायला काही आधार नाही.

या पेप्टाइडांची औषधं करायचा प्रयत्न कोणी केलाच नाही असं नाही. मायकेल झॅसलॉफ यांना आफ्रिकी बेडकाच्या कातडीत मॅगेनिन सापडलं ते १९८७ साली. शस्त्रक्रिया करून घाणेरड्या टाकीत सोडलेल्या बेडकांच्या जखमा चिघळत का नाहीत, या साध्या प्रश्नातून. त्यावरून मधुमेही पायाच्या जखमांसाठी मलम तयार झालं, अमेरिकेत १९९९ मध्ये त्याला मंजुरी नाकारली गेली. डुकराच्या पेप्टाइडवरून बनवलेलं एक औषध व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना न्यूमोनिया होऊ नये म्हणून तोंडात देऊन पाहिलं, फायदा दिसेना म्हणून चाचणी थांबवली. आणि एलएल-३७ म्हणाल, तर पायाच्या न भरणाऱ्या जखमांवर ३४ रुग्णांमध्ये ते लावून पाहिलं होतं. कमी आणि मध्यम तीव्रतेच्या औषधाने जखमा लवकर भरल्या. सगळ्यात कडक औषध मात्र नुसत्या, औषध नसलेल्या द्रावाइतकंच ठरलं. पुढच्या मोठ्या चाचणीत तर सरसकट फायदाही दिसला नाही. भावाला इतकं वाचायची आवड आहे, तर हा कडक डोसवाला भाग त्याला जरूर पाठवा. माझ्या दहा परिच्छेदांपेक्षा त्याचा उपयोग होईल.

व्हिटॅमिन डीची कथाही अशीच अर्ध्यावर सोडली जाते. तुमच्या भागात मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या सॅनिटोरियमचं नाव घराघरात ठाऊक आहे. क्षयाच्या रोग्याला हवा आणि ऊन द्यायचं, ही त्या काळातली जगभरची रीत. २००६ मध्ये तिला एक सुंदर रासायनिक खुलासा मिळाला. क्षयाचे जंतू दिसले की आपल्या पेशी व्हिटॅमिन डीच्या मदतीने कॅथेलिसिडिनचा जनुक चालू करतात, आणि ते कॅथेलिसिडिन त्या जंतूंना मारतं. परीक्षानळीत. त्यानंतर मंगोलियात ८,८५१ शाळकरी मुलांना तीन वर्षं दर आठवड्याला डी किंवा खोटी गोळी देऊन पाहिलं. २०२० मध्ये निकाल आला: क्षयाचा संसर्ग दोन्ही गटांत जवळपास सारखाच. सीओपीडीत म्हणाल, तर ज्यांच्या रक्तात डी फारच कमी होतं, रिपोर्टवर १० च्या खाली, त्यांच्यात सीओपीडी अचानक बळावण्याचे झटके कमी झाल्याचं काही चाचण्या एकत्र केल्यावर दिसलं. बाकीच्यांना फायदा नाही. म्हणजे कमतरता असेल तर भरून काढा, डॉक्टर सांगतील तेवढीच. कमतरता आहे का हे बघायच्या आधीच सतरा पाकिटं देऊन झाली, याचं मला वाईट वाटतं.

मग पंपाचं काय? तुम्ही प्रश्न असा मांडलाय, की एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला भाऊ आणि मधे तुम्ही. मला ही मांडणीच पटत नाही. भावाच्या शंकेचा डॉक्टरांच्या टेबलावर विचारता येईल असा प्रश्न करता येतो, आणि तो चांगला प्रश्न आहे: ‘डॉक्टर, दोनदा न्यूमोनिया झालाय, तर आईला पंपात स्टेरॉईड लागतंच का, की श्वासनलिका रुंदावणाऱ्या दोन औषधांच्या पंपावर भागेल?’ याचं उत्तर ठरवायला डॉक्टर रक्तातल्या इओसिनोफिल पेशी बघतात. साध्या सीबीसीत त्या कळतात. ३०० च्या वर असतील तर स्टेरॉईडचा उपयोग बहुधा होतो आणि ते अचानक काढलं तर झटके वाढू शकतात. १०० च्या खाली असतील तर उपयोग थोडा आणि न्यूमोनियाची भीती जास्त. मधल्या आकड्यांत डॉक्टरांचा अनुभव लागतो. आकडा बरी असतानाचा हवा, कारण स्टेरॉईडच्या गोळ्या चालू असताना तो खाली जातो, आणि आपल्याकडे पोटात जंत असले तरी तो वर जातो. तरुणपणी दम्याचा त्रास होता का, तेही सांगा. दमा असेल तर स्टेरॉईड काढायचा विषयच नाही. तोवर पंप चालू. घरच्या घरी कोणी बंद करायचा नाही.

पण त्याआधी एक करा. आईला तुमच्यासमोर पंप घ्यायला सांगा आणि काही न बोलता नुसतं बघा. माझ्या ओपीडीत एक आजोबा सहा महिने त्या कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होते. ‘गुण येत नाही’ ही त्यांची तक्रार रास्तच होती म्हणा. काहीजणी मशीन तोंडाला लावून आतच फुंकतात, चाळीस वर्षं फुंकणी हातात धरलेल्या बाईकडून ते सहज होतं. मग श्वासाच्या वाफेने पावडरची ढेकळं होतात आणि ती मशीनलाच चिकटून बसते. आधी मशीन बाजूला धरून श्वास पूर्ण सोडायचा, मग ओठ घट्ट लावून जोरात आणि लांब ओढायचा, दहा मोजेपर्यंत धरायचा. कॅप्सूल उघडून बघायची, पावडर उरली असेल तर पुन्हा ओढायचं. आणि नंतर खळखळून चूळ भरून ती थुंकायची, गिळायची नाही. नाहीतर घशात पांढरा बुरशीचा थर धरतो. आईला तेवढ्या जोराने ओढता येत नसेल, तर डॉक्टर स्पेसरवाला (पुढे पोकळ नळकांडं लावलेला) पंप देतील. तो बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना सोपा जातो.

पुढच्या भेटीत आणखी दोन गोष्टी विचारा. दीड वर्षात दोन न्यूमोनिया, तर बेडक्याची क्षयासाठी तपासणी झाली आहे का? तालुक्याला क्षयाचे जंतू ओळखणारं ट्रूनॅट मशीन असेल तर निकाल त्याच दिवशी मिळू शकतो. (हे मशीन आपल्या शेजारी गोव्यातल्या कंपनीचं आहे, त्याचं मला उगाच कौतुक वाटतं.) आणि दोन्ही न्यूमोनिया एकाच जागी झाले होते का? असतील तर सीटी स्कॅनचा विषय निघतो. जुने एक्सरे पिशवीत घालून न्या. फ्लूची लस दर वर्षी आणि न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूवरची लस डॉक्टरांना विचारून. त्या पेप्टाइडच्या इंजेक्शनपेक्षा या दोन सुयांवर माझा भरवसा कितीतरी जास्त.

आणि आता चूल. तुम्ही लिहिलंय ‘काढली’, जणू ती बंद झाली. स्वयंपाक गॅसवर आला असेल. अंघोळीचं पाणी कशावर तापतं? मी हे विचारते तेव्हा दहातल्या सहा-सात घरी उत्तर येतं, ‘ते होय, ते बाहेर चुलीवरच.’ पहाटे तुराट्या, चिपाडं, एखादं प्लॅस्टिक पेटवायला, आणि धूर थेट पडवीत. मिश्री लावत असतील तर तीही विचारा, तव्यावर तंबाखू भाजताना सगळा धूर भाजणारीच्याच नाकात जातो. तंबाखूच्या धुराचं तर नक्की माहीत आहे: न्यूमोनिया झालेल्या बिडी-सिगारेटवाल्यांच्या श्वासमार्गात डिफेन्सिन जेवढं वाढायला हवं तेवढं वाढलेलं दिसलं नाही. भावाला फुफ्फुसातली पेप्टाइडं वाचवायचीच आहेत ना? मग इथून सुरुवात करू दे. ती कारखान्यातून मागवावी लागत नाहीत, अस्तर शाबूत राहिलं तर तेच तयार करतं.

‘तो आयुष्यभर बोलेल’ हे तुम्ही लिहिलंत, त्यावर थोडं. तुम्ही गावाजवळ आहात. दवाखान्याच्या बाकावर सहा दिवस तुम्ही बसलात, आणि तो लांब बसून वाचत राहिला, कारण लांबून वाचण्यापलीकडे त्याला काही करता आलं नाही. अपराधी वाटणारी माणसं उपाय शोधत सुटतात. त्याचा राग करू नका, पण आईच्या अंगावर प्रयोगही करू देऊ नका. पुढच्या भेटीला त्याला फोनवर घ्या. डॉक्टरांना आधी विचारा, बहुतेक हो म्हणतात. त्याने त्याची शंका स्वतः विचारावी, उत्तर स्वतः ऐकावं. आणि तुमच्या तीन पानी पत्रात आईचं एकही वाक्य नाही, हे मला दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं. पंप घेऊन तिला बरं वाटतं का, पाकिटं ती लेकाचं मन राखायला घेतेय का, तिला कशाची भीती वाटते, हे तुम्हां दोघांपैकी कोणी विचारलंय? एकदा पंप शिकवायच्या निमित्ताने बसाल, तेव्हा विचारा.

एलएल-३७ साठी भावाने जे पैसे बाजूला काढले असतील, ते वाया घालवू नका. सोलर बसवा, किंवा साधा विजेचा गीझर. गॅस गीझर मात्र बंद बाथरूममध्ये नको, त्याच्या कार्बन मोनॉक्साइडने दर हिवाळ्यात कोणी ना कोणी जातं. आणि उद्या लॅबमध्ये जाताना रिकामी पाकिटं घेऊन जा, मोजून. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.